सांडूभाऊंच्या नेटमधला हिरवा दोरा

सांडूला वडिलांकडून दोन गोष्टी मिळाल्या: पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारातलं मुरमाड रान आणि आवाज. रानाची तीन भावांत वाटणी झाली. आवाज मात्र सगळाच्या सगळा एकट्या सांडूच्या वाट्याला आला.

त्याचा आजा मेंढरं राखायचा. टेकडीच्या या अंगाला उभा राहून तो त्या अंगाच्या मेंढराला नुसत्या हाकेवर वळवायचा, आणि कुत्रं शेपटी हलवत सावलीला बसून राहायचं. बापाच्या काळात मेंढरं गेली, चराईची रानं गेली, घोंगड्या सणासुदीला अंथरण्यापुरत्या उरल्या. आवाज गेला नाही. तो आता वीस गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये राहत होता आणि तिथं त्याला जागा पुरत नव्हती. सांडू नेटच्या दारातून ‘पाणी सोडा’ म्हणाला की शेजारच्या दोन विहिरींवर मोटारी चालू व्हायच्या.

पिंपळगावची मिरची लोकांना बाजारातल्या ढिगानं ठाऊक. सांडूच्या नेटमधली मिरची खायची नव्हती, बियाण्याची होती. कंपनी दोन जातींची रोपं द्यायची, एक नर आणि एक मादी, आणि त्यांचं लग्न लावायचं काम बायांच्या बोटांचं. मादीच्या झाडावरची कळी उमलायच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, चिमट्यानं तिच्या पोटातले नर, म्हणजे पुंकेसर, काढायचे. सहाच्या सहा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या झाडांवरच्या फुलांची पावडर, म्हणजे पराग, बोटाच्या टोकानं तिला लावायची आणि देठाला दोरा बांधायचा. कळी हरभऱ्याच्या दाण्याएवढी. हिसका बसला की गळाली. आत एखादा नर चुकून राहिला की ती आपली आपणच फळते आणि तिचं बी त्या सगळ्या बियाण्यात खोटं ठरतं. सकाळी श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो, नाहीतर पावडर उडून जाते.

एवढ्या नाजूक कामावर देवानं सांडूला नेमलं होतं. देवालाही कधीमधी करमणूक लागत असावी.

नेटमध्ये अकरा बाया होत्या आणि बारावी त्याची बायको जयवंताबाई. ती सकाळी घरी पावडर गाळायची, डब्या भरून आणायची आणि मग तासभर ओळीत बसायची. प्रत्येकीच्या दोऱ्याचा रंग वेगळा. सोनूबाईचा लाल, शिवकन्येचा पिवळा, बेबीनंदाचा निळा, प्रेमलाचा गुलाबी, अशी नेटमध्ये नुसती जत्रा भरलेली. जयवंताबाईचा हिरवा. ही रंगांची कल्पना सांडूची स्वतःची होती आणि तिचा त्याला मोठा अभिमान होता. रंगावरून चूक सापडायची, चुकीवरून बाई सापडायची आणि बाई सापडली की सांडूच्या आवाजाला काम मिळायचं.

“पिवळी! डोळे घरी ठिवून आली का?”

“ओ निळी, कळी हाय ती, भेंडी न्हाई मोडून राह्यली!”

महिनाभरात तो बायांना नावानं हाक मारायचंच विसरला होता. झाडाखाली गळालेली कळी दिसली की त्याचा जीव कळवळायचा, आणि कळवळला की तो ओरडायचा. माणूस मनाचा वाईट नव्हता. ओरडून झालं की तो विसरून जायचा आणि बायाही विसरल्या असतील असं धरून चालायचा. घरी येऊन जयवंताबाईला सांगायचा, “धाक हाय म्हणून काम बराबर चाललंय बघ.” जयवंताबाई पावडरीची डबी बंद करायची आणि काही बोलायची नाही. सांडू तो होकार समजायचा.

बुधवारी कंपनीच्या तृप्ती मॅडम तपासणीला आल्या. पंचविशीतली शेतकी शिकलेली पोरगी, डोक्याला ओढणी, हातात भिंग. दोन ओळी तपासून झाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. तिसऱ्या ओळीत त्या खाली बसल्या त्या उठेचनात. सांडू मागं उभा राहून दोन्ही हात एकमेकांवर चोळत होता.

“काका, इकडं या. हे बघा. आत नर राहिलाय. हा दुसरा. हा तिसरा.”

भिंगातून सांडूला काहीतरी पिवळं कुसळ दिसलं. त्याला ते मेंढराच्या दाताएवढं मोठं वाटलं.

“प्रमाण फार आहे,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “असंच राहिलं तर मला प्लॉट रद्द लिहावा लागेल. मी सोमवारी परत येते. तोपर्यंत ज्या ज्या कळीबद्दल, फळाबद्दल शंका आहे, ते सगळं तोडून टाका.”

“शंका कोन्त्या कळीची हाय ते कसं कळावं, मॅडम? हजारोनं हायेत.”

“ते ज्या हातानं काम केलं त्या हातालाच ठाऊक असतं. बायांना विचारा.” त्या थांबल्या. “आणि प्रेमानं विचारा हो काका. मी रस्त्यावर गाडी लावली, तेव्हापासून तुमचं बोलणं ऐकू येतंय.”

जाता जाता त्या म्हणाल्या, “हिरव्या दोऱ्यांत चुका जास्त दिसल्या. कोणाचा आहे तो?”

सांडूनं सगळं रान पाहून घेतलं. “हाय एकीचा. सांगतो तिला.”

अकरा बायांना ताडताड बोलणारा सांडू बारावीला काय सांगणार होता, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. त्यात एकदाच त्यानं जयवंताबाईच्या भाकरीला नाव ठेवलं होतं. पुढचे आठ दिवस त्यानं स्वतः भाकरी थापल्या होत्या. पोरं अजून त्या भाकरींचे आकार काढून दाखवतात.

मॅडमनीच सांगितल्यावरून गुरुवारी तो जालन्याला गेला. एमआयडीसीच्या बाजूला एका हॉलमध्ये कंपनीनं प्लॉटवाल्यांसाठी प्रशिक्षण ठेवलं होतं. विषय: मजुरांशी कसं बोलावं. शहरातून एक साहेब आले होते, इतके हळू बोलायचे की मागच्या रांगेतल्यांना वाटलं ते अजून सुरूच झाले नाहीत. त्यांनी सांगितलं, आधी माणसाचं कौतुक करा, मग उणीव सांगा, मग पुन्हा कौतुक करा. रोज प्रत्येकाशी निदान पाच चांगली वाक्यं बोला. सांडूनं पाचही वाक्यं वहीत उतरवून घेतली. त्याला वाटलं होतं काही अवघड असेल. हे तर पाठांतराचं काम निघालं.

परतीच्या एसटीत त्यानं सराव केला, अगदी हळू, म्हणजे त्याच्या मानानं हळू. “तुमचं काम फार छान आहे. तुमच्यामुळे आमची शोभा आहे.” पुढच्या बाकावरची म्हातारी पदर सावरून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. कंडक्टर म्हणाला, “शोभा राहू द्या मामा, पिंपळगाव आलं. उतरा.”

शुक्रवारी सकाळी सांडू अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून नेटमध्ये शिरला. पहिल्या ओळीत सोनूबाई होती. साठीची बाई, गावातल्या जुन्या कुणबिकीतली, सांडूच्या आईच्या बरोबरीनं वावरलेली. तिला सांडू मावशी म्हणायचा. ओरडताना मात्र लाल म्हणायचा.

“मावशी, तुमचं काम फार छान आहे,” सांडू उभा राहून म्हणाला. “तुम्ही वेळेवर येता. तुमचा हात हलका आहे. थोडं लक्ष द्यावं लागेल. तुमच्यामुळे आमची शोभा आहे.”

सोनूबाईनं चिमटा खाली ठेवला आणि त्याच्याकडं वर पाहिलं. “सांडूभाऊ, तब्येत बराबर हाय ना?”

सांडू दुसऱ्या ओळीत गेला. बेबीनंदाला तीच पाच वाक्यं, त्याच क्रमानं. तिसरीलाही तीच. चौथ्या ओळीत त्यानं “तुमचं काम” म्हणताच पाठीमागून सोनूबाई म्हणाली, “फार छान आहे.” “तुम्ही वेळेवर,” सांडू नेटानं पुढं गेला. “येता,” असं तीन-चार जणी एका सुरात म्हणाल्या, शाळेत पाढे म्हणतात तसं.

“इलेक्शनला उभं राहून राह्यले काय भाऊ?” बेबीनंदानं विचारलं.

“मंग चिन्ह सांगा ना!”

“टोपी!” कोणीतरी म्हणालं, आणि नेट हसण्यानं हलायला लागलं.

सांडूनं तेही गिळलं. साहेबांनी संयम सांगितला होता. तो शिवकन्येच्या ओळीत पोचला. शिवकन्या तेवीस वर्षांची, सांडूच्याच भावकीतली सून, अंगानं बारीक, बोलायला त्याहून बारीक. सगळ्या नेटमध्ये तिचा हात सगळ्यात साफ. सांडूनं तिला पाच वाक्यं म्हणून दाखवली. पाचवं वाक्य संपलं आणि ती रडायला लागली.

“आता काय झालं?”

“मला काढून टाकून राह्यले ना तुमी?” ती पदरात म्हणाली. “निरोपाच्या टायमालाच असं बोलतेत.”

सांडूनं डोक्यावरची धुतलेली टोपी काढली आणि पुन्हा घातली. आता सरळ मुद्द्यावर यावं, असं त्याला वाटलं. नेटच्या मध्यभागी उभा राहून तो म्हणाला, “आइका सगळ्याजणी. कोण्या कळ्या खराब हायेत ते मला सांगून टाका. मी कोन्हाला काही बोलनार न्हाई. बिलकुल न्हाई.”

हे त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं की नेटवर बसलेल्या चिमण्या उडाल्या. बायांनी माना खाली घातल्या.

“अरे बोला की! सोमवारी मॅडम येनार हाय! प्लॉट गेला तं समदा सीझन गेला, तुमचा आन माझा! एवढं गोड बोलून राह्यलो सकाळपासून तरी तोंडं बंदच? ओ पिवळी, रडनं थांबव आदी!”

जालन्याहून वहीत घालून आणलेला सगळा गोडवा एका दमात खर्ची पडला. सोनूबाई मान खाली ठेवूनच म्हणाली, “आता कसं. आता बरे दिसता भाऊ.”

शनिवार उजाडला तो अडचण घेऊन. प्रेमला आत्तेबहिणीच्या लग्नाला अंबडला गेली होती. आदल्या दुपारी तिनं नर काढून ठेवलेल्या कळ्या अख्ख्या ओळीभर तयार होत्या. कळी काही प्रेमला परत येईपर्यंत थांबत नाही. बाकीच्या बायांना आपापल्या ओळी होत्या.

“आता कोन लावनार हिची पावडर?” सांडू म्हणाला.

“तुमी हाय ना,” सोनूबाई म्हणाली. “महिनाभर आमाला शिकवून राह्यले. तुमाला तं पाठ आसंल.”

सांडूला नाही म्हणता येईना. आजवर तो नेटमध्ये चालला होता, उभा राहिला होता, खांबाला टेकला होता, पण ओळीत कधी बसला नव्हता. तो बसला तेव्हा त्याचे गुडघे इतक्या मोठ्यानं वाजले की दोन ओळींपलीकडून बेबीनंदानं “आई गं” म्हटलं. जयवंताबाईनं पावडरीची डबी त्याच्या हातात दिली, प्रेमलाचं गुलाबी रीळ दिलं, आपली हिरव्या रिळाची टोपली त्याच्या शेजारी टेकवली आणि ती पलीकडच्या ओळीत गेली.

पहिली कळी त्यानं धरली आणि ती हातात आली. दुसरी त्यानं जपून धरली, तीही आली. तिसरीला त्यानं धरलंच नाही, नुसतं बोट लावलं. ती टिकली, पण दोरा बांधताना गेली. ज्या बोटांनी आजवर खोरं, टिकाव आणि बैलाची शिंगं धरली होती, त्यांना आज एक हरभऱ्याएवढी वस्तू ऐकत नव्हती. घाम नाकाच्या शेंड्यावरून कळीवर पडला. श्वास रोखून धरला तर डोळ्यांपुढं अंधारी यायची, सोडला तर पावडर उडायची. दहाव्या झाडापर्यंत त्याच्या मागं चौदा कळ्या पडल्या होत्या. पांढऱ्या, गोल, कोणालाही दिसतील अशा. त्यानं पाय लांब करून सात-आठ पायाखाली घेतल्या.

मग अकराव्या झाडावर ती कळी आली. प्रेमलानं घाईत काम केलं होतं. आत एक नर राहिल्यासारखा दिसत होता. असेलही, नसेलही. सांडूनं मान तिरपी करून पाहिलं. नियम साधा होता, शंका आली की तोडा. पण तोडली तर पंधरावी कळी खाली पडणार, आणि सोनूबाईची नजर सारखी इकडं. गुलाबी दोरा बांधला तर सोमवारी प्रेमला सापडणार, आणि ती बिचारी तिकडं जिलेबी वाढत असेल. सांडूनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. कोणी बघत नव्हतं. शेजारच्या टोपलीत हिरवं रीळ होतं. हिरव्याला बोलणारा माणूस या नेटमध्ये अजून जन्माला आलेला नव्हता. त्यानं हळूच हिरवा दोरा तोडला आणि त्या कळीला बांधून टाकला.

“हिरवाच बांधला ना भाऊ?”

सोनूबाई पाठीमागं उभी होती. कधी आली कोण जाणे.

सांडूनं हिरव्या रिळाची टोपली पायानं हळूच लांब सरकवली.

“बांधला गं बायांनो!” सोनूबाईनं हात वर करून सगळ्या नेटला सांगितलं. “यानं पन हिरवाच बांधला!”

असं हसणं त्या नेटनं कधी ऐकलं नव्हतं. बेबीनंदा तर ओळीत लोळायचीच राहिली. हसता हसता ती बोलून गेली, “आमी पन खराब कळीला हिरवाच बांधतोत भाऊ! तोडली तं खाली दिसते, ठिवली तं रंग दिसतो. मंग हिरवा!”

आणि हसणं एकदम थांबलं. आपण काय बोलून बसलो हे बेबीनंदाला कळलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. दहाही जणींच्या माना खाली गेल्या. आता तो आवाज येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सांडूलाही ठाऊक होतं. तो पोटातून निघालाही होता. छातीपर्यंत आल्याचं त्याला कळत होतं. महिनाभर आपल्या नाकाखाली हे चाललं होतं. महिनाभर!

पण त्याच्या बोटात अजून हिरव्या दोऱ्याचं टोक होतं, आणि पायाखाली कळ्या होत्या. ओरडायला माणूस निदान उभा तरी असावा लागतो. सांडूला गुडघ्यांनी उठू दिलं नाही.

“रीळ मीच दिलतं त्याइला,” जयवंताबाई पलीकडून शांतपणे म्हणाली.

“तू?”

“मंग काय करायचं? खराब कळी कुठं हाय त्याची कुठंतरी खूण पायजे का न्हाई? तुमाला सांगितलं तं तुमी वरडनार. झाडाला सांगितलं.”

“आन तुझ्या चांगल्या कळ्या? त्या बी हिरव्याच ना?”

“माझ्या दोऱ्याला दोन गाठी अस्तात. ह्या बायांची एकच.”

सांडूनं शेजारचं झाड पाहिलं. हिरव्या दोऱ्याला दोन गाठी. त्याच्या खालच्याला एक. महिनाभर तो या झाडांपुढून दिवसातून दहादा गेला होता, रंग ओळखत, बायांना ओळखत, आणि सगळ्या प्लॉटचा खरा हिशोब देठादेठावर गाठी मारून टांगलेला होता. वाचता येईना ते एकट्या त्यालाच.

“म्हंजे एका गाठीच्या हिरव्या तोडल्या की झालं?” त्यानं विचारलं. आवाज बेतानं आला. संयमामुळे नव्हे, बसल्या जागेवरून तेवढाच निघत होता.

“झालं,” सोनूबाई म्हणाली.

“न्हाई झालं.”

हा आवाज कोणाचा ते कळायला सगळ्यांना वेळ लागला. शिवकन्या उठून उभी राहिली होती. चिमटा तिच्या मुठीत होता.

“सातव्या ओळीत विहिरीकडून निम्म्यापर्यंत माझ्या पिवळ्या हायेत. त्या बी खराब आसतीन. मंगळवारच्या दुपारच्या. कोन्ती खराब, कोन्ती चांगली, मला बी ठाव न्हाई. मला त्या दिशी दिसतच नव्हतं.”

“काहून दिसत नव्हतं?”

शिवकन्येनं चिमटा एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेतला.

“सांग ना. काहून?”

“डोळे भरून आल्ते. तुमी बोल्ले होते ना सकाळी.”

“काय बोल्लो होतो?” सांडूला खरंच आठवत नव्हतं.

शिवकन्येनं सांगितलं. त्यानं म्हटलेला शब्द न् शब्द तिनं सांगितला, तिच्या त्या बारीक आवाजात, कुठंही जोर न देता. माहेरानं काय शिकवलं, इथपासून सुरुवात होती आणि शेवट तर त्याहून वाईट होता. सांडूला स्वतःचं बोलणं असं कधी ऐकायला मिळालं नव्हतं. त्याच्या तोंडून निघताना आवाजच एवढा मोठा असायचा की शब्द काय आहेत ते त्याच्या कानापर्यंत पोचायचेच नाहीत. आवाज काढून घेतल्यावर नुसते शब्द उरले होते, आणि ते बघवत नव्हते.

प्लॉटचं निम्मं भवितव्य या पोरीच्या पुढच्या वाक्यावर होतं, आणि तिचं पुढचं वाक्य आपल्या या वाक्यावर, हे सांडूला कळत होतं. वहीतली पाच वाक्यं त्याला आठवली. त्यांतलं एकही इथं चालण्यासारखं नव्हतं.

“मंग त्या ओळीला पिवळा कशाला बांधला?” तो म्हणाला. “माझा दोरा बांधायचा अस्ता.”

शिवकन्येनं वर पाहिलं.

“सांगितलं ते लय बरं केलं पोरी. तू बोल्ली नसती तं सोमवारी आपला बाजार उठला अस्ता. चल, आदी तीच ओळ घेऊ. मला जरा उठवा कोन्ही.”

सोनूबाई आणि बेबीनंदानं दोन्ही काखांत हात घालून त्याला उभं केलं. खाली दडवलेल्या कळ्या उघड्या पडल्या. बेबीनंदानं त्या मोजायला सुरुवात केली, तेव्हा सोनूबाईनं तिला कोपर मारलं.

शनिवारची उरलेली दुपार आणि सबंध रविवार ते तोडत होते. सुट्टीचा दिवस असून अकराच्या अकरा जणी आल्या. अंबडच्या लग्नातून प्रेमलाही थेट नेटवरच आली, डोक्यात मोगरा तसाच. एका गाठीचं हिरवं दिसलं की तोडायचं. सातव्या ओळीतलं विहिरीकडचं पिवळं सरसकट तोडायचं. एकदा बोलायला सुरुवात झाल्यावर मग कोणाकोणाला काय काय आठवायला लागलं. “भाऊ, हे बी घ्या, त्या दिशी पोरगा तापला होता, लक्ष नव्हतं.” “ही माझी लाल, पन मला गॅरंटी न्हाई.” प्रत्येक तोडलेल्या फळागणिक सांडूच्या काळजात चर्र व्हायचं. तो फक्त “बरं” म्हणायचा. त्याचं ते “बरं” विव्हळल्यासारखं यायचं, पण यायचं.

एकदा मात्र त्याला राहवलं नाही. तो नेटबाहेर गेला, बांधावर उभा राहिला, टेकडीकडं तोंड करून आजाच्या पद्धतीनं जोरात ओरडला आणि परत येऊन ओळीत बसला.

“झालं?” सोनूबाईनं विचारलं.

“झालं.”

“मंग हे धरा टोपलं.”

सोमवारी तृप्ती मॅडम आल्या. भिंग घेऊन त्या ओळीओळीनं फिरल्या. सांडू दारातच थांबला. आत गेला तर तोंडातून काहीतरी निघेल अशी त्याला भीती होती. बाया काम करत होत्या, पण एकीचंही मन कामात नव्हतं. मॅडम तिसऱ्या ओळीत बसल्या, उठल्या. सातवीत बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. सांडूनं नेटची जाळी मुठीत धरली. मग त्या बाहेर आल्या, कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याच्यापुढं धरलं.

“फळं विरळ झालीत काका. पण जे आहे ते साफ आहे. पास लिहिलंय.”

सांडूनं कागद उलटा धरून वाचला आणि मग सुलटा.

“एवढ्या चुका सापडल्या कशा तुम्हाला?” मॅडमनी विचारलं. “जालन्याचं प्रशिक्षण कामाला आलं म्हणायचं.”

हो म्हणून टाकावं, असं सांडूला क्षणभर फार वाटलं. पण सोनूबाई पाच हातांवर होती आणि तिचे कान शाबूत होते.

“तसं न्हाई मॅडम,” तो म्हणाला. “मी बी एक कळी खराब केल्ती. आन लपवल्ती.”

मॅडमना यातलं काही कळलं नाही. आत मात्र हसू फुटलं.

पीक त्या वर्षी दरवर्षीपेक्षा कमीच आलं. सांडू सुधारला असं म्हणणं धाडसाचं ठरेल. दोन-चार दिवसांआड तो टेकडीकडं तोंड करून बांधावर उभा दिसायचा. पण रोज सकाळी अर्धी ओळ तो स्वतः घ्यायला लागला. गुडघे मोडून, घाम गाळत, सगळ्यांच्या मागून. अकरा बायांत नव्हे, बारा बायांत त्याचा हात सगळ्यात वाईट होता. संध्याकाळी शिवकन्या त्याची अर्धी ओळ तपासायची. ती कधी ओरडली नाही. सुरुवातीला म्हणायची, “भाऊ, देठाला धरू नका, पानाला धरा.” मग म्हणायला लागली, “कालच्यापरीस बरंय.” तिला तपासताना पाहून सांडू शाळेतल्या पोरासारखा अंगठ्यानं माती उकरत उभा राहायचा.

एके दिवशी ती ओळीच्या टोकाला पोचली आणि म्हणाली, “आज दोनच गेल्या भाऊ. हात बसला तुमचा.”

घरी जेवायला बसल्यावर सांडूनं पहिला घास घेतला आणि थांबला. “जयवंता, शिवकन्या काय म्हन्ली माहीत हाय का?”

“हात बसला म्हन्ली.”

“तुला कोन्ही सांगितलं?”

“तुमीच,” जयवंताबाई भाकरी वाढत म्हणाली. “तुमी तिला ‘हात बसला? खरंच का?’ असं इचारलं ना, ते मी हिथं चुलीपाशी ऐकलं. भोकरदनपोत्तर गेलं आसंल.”

सांडूनं मान खाली घातली आणि भाकरीकडं पाहिलं. मग त्यानं हळूच, त्याच्या मानानं हळूच, म्हटलं, “भाकर लय चांगली झालीय आज.”

“फार छान आहे का?” जयवंताबाईनं विचारलं.

“न्हाई न्हाई,” सांडू घाईनं म्हणाला. “नुस्ती चांगली. जल्दी दुसरी दे.”